फाटकापाशीचा सीन

नाही हो, झोपेनं नाही सुजले डोळे — लावा काय लावायचं ते, झाकलं तर झाकलं. आणि आधीच्या मेकअपताई कुठे गेल्या, असं सेटवर कुणाला विचारू नका. मीच घालवलं त्यांना. का म्हणजे? ऐका माझ्याकडूनच, नाहीतर लोक भलतंच सांगतील. मालिका बघता ना आमची? सोळा वर्षांची मुलगी, मालिकांत कामं करते, तिची शाळा, तिचं घर, तिची आई — म्हणजे मी मालिकेत काय करते, तर मालिकेत काम करणारीचं काम! हसा की, सगळे हसतात. तर मध्यंतरी शाळेला दांडी मारून मी बाबांच्या नव्या घरी गेले — आत नाही हो, फाटकापर्यंतच. बाबा त्यांच्या धाकटीला सायकल शिकवत होते, सीट धरून मागे पळत होते, धापा टाकत — मला अजून येत नाही सायकल. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, ‘कोण पाहिजे?’ डोळ्यांवर ऊन आलं असेल. आलंच असेल.

हे मी दोघींनाच सांगितलं. घरी आईला, आणि इथे, याच खुर्चीत, ताईंना. महिन्याभरात हातात सीन आला — फाटक, सायकल, ‘कोण पाहिजे?’ सगळं छापलेलं! आईवर कोण संशय घेईल? मी ताईंवर तुटून पडले. ‘मी नाही गं सांगितलं, बाळा,’ एवढंच म्हणाल्या त्या. मी निर्मात्यांना सांगितलं, यांचा हात माझ्या तोंडाला लागायला नको. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्याच नाहीत.

आणि या रविवारी — आई आंघोळीला गेलेली, मी शूटिंगची वेळ बघायला तिचा मोबाईल घेतला. लेखकाला पाठवलेले व्हॉइस मेसेज. ढीगभर. ‘आज ना, ती फार रडली, लिहून घ्या...’ आईचा आवाज, अगदी भाजीची यादी सांगावी तसा. मी किंचाळले, ‘ताई गेल्या तेव्हा तू गप्प बसलीस!’ तर केस पुसत म्हणते कशी, ‘अगं, मालिका बंद पडत आली होती. तुझ्यासाठीच केलं ना सगळं?’ मी ताईंना फोन लावला. त्यांनी उचलला हो, ‘बोल बाळा’ म्हणाल्या — आणि मी ठेवून दिला.

आजचा सीन वाचलात? घ्या, दुसरं पान. मुलीला आईच्या मोबाईलमध्ये मेसेज सापडतात. आई केस पुसतेय. ‘तुझ्यासाठीच केलं ना सगळं?’ चार दिवस नाही झाले हो अजून! फक्त यात मुलगी शेवटी आईच्या गळ्यात पडते. मी नव्हते पडले. आता जाऊन पडायचंय, दिवे लावून ठेवलेत.

आले, आले! — राहू द्या ती पावडर. आणि हे बघा, उद्यापासून केस विंचरायचे, रंग लावायचा, मला काही विचारायचं नाही. जा तुम्ही. जा ना.