मसनवटीशेजारचा दवाखाना

माझं म्हायेर आजऱ्याकडचं, काजू फोडनाऱ्यांच्या घरातली मी, हाताला काजूच्या तेलाचं डाग पडलेलं ते लगीन होऊन हिकडं चंदगडच्या डोंगरात आले तरी गेलं न्हाईत. नवरा लवकर गेला, मग पोटासाठी गावातल्या सरकारी दवाखान्यात झाडलोटीला लागले. दवाखान्यात मानसं दोनच, एक सिस्टर आनि एक मी. तुमी दवाखान्याच्या इमारती कशा बांधायच्या ते शिकताय म्हनून एवढ्या लांब आलाय पावनं, तर बगा की, फरशी बगा, बाळंतपनाची खोली बगा, टेबल बगा, चकचकीत हाय का न्हाई? मीच पुसते. पर त्या टेबलावर अजून एक बाई बाळंत झालेली न्हाई, काय सांगू तुमास्नी.

जागा कशी ठरली ते ऐका. आमच्यात वरची आळी आनि खालची आळी, दोघींचं कवाच पटलं न्हाई. सायब आलं, म्हनलं गावानं जागा द्यावी, आमी इमारत देतो. वरची म्हनाली आमच्यात पायजे, खालची म्हनाली आमच्यात, गोष्ट हातघाईवर आली, तवा कुनीतरी म्हनलं, अरं वढ्याकडं मसनवटीला लागून गावकीची जागा हाय, तिथं कुनी पेरत न्हाई, दोनी आळ्यांची मढी तिथंच जात्यात, कुनाचीच रडारड नको. तरी बी मिटंना, मग देवीला कौल लावला. गुरवानं देवीच्या अंगाला फुलं चिकटवली, समदी माना वर करून बसली, आनि उजवं फूल पडलं. झालं, देवीचा हुकूम. सायबाचा नकाशा वरनंच आलेला, सगळ्या गावांस्नी त्योच एक, त्यांनी त्यो तिथं ठेवला आनि दोरी मारली. देवीला इचारलं, सायबाला इचारलं, बाईला कुनी इचारलं न्हाई. देवी बी बाईच की, पर तिला कुठं बाळंत व्हायचंय?

आता तुमी म्हनाल त्यात काय एवढं. आवो, आमच्यात पोटुशी बाई मसनवटीवरनं जात न्हाई. तिची नजर सुदिक तिकडं पडू देत न्हाईत. खोकल्या-तापाला बाप्ये येत्यात, लेकराला सुई टोचायला आया येत्यात, पर भरल्या पोटाची एक न्हाई. सिस्टर सोन्यासारखी पोरगी, घरोघर जाऊन तपासती बिचारी, आनि कळा लागल्या की घरचे जीप आनत्यात, आनि बाईला दुसऱ्या रस्त्यानं घाट उतरून तालुक्याच्या दवाखान्यात न्हेत्यात. इमारत हितं, बाई घाटात.

माझी दीपाली, एकलीच लेक, पैलं बाळंतपन म्हनून म्हायेरी आनलेली. बी.ए. झालेली पोर. मी मनात म्हनलं, माझी लेक तरी त्या टेबलावर बाळंत हुईल, मग समद्यांचं भ्या मोडंल. पर कळा लागल्या त्या दिसाला नेमकं वरच्या आळीतलं एक म्हातारं गेलेलं, दुपारचं सरान पेटलेलं, धूर पार दवाखान्याच्या दारात. आत्ती, म्हंजी माझी सासू, दारात आडवी हुबी ऱ्हायली, म्हनाली, माझ्या नातीला धुरातनं न्हेशील तर माझ्या मढ्यावरनं ने. मी म्हनलं, आत्ती, मी रोज तिथं झाडते, मला काय झालंय? ती म्हनाली, तू रांडमुंड बाई, तुला आनि काय व्हायचं ऱ्हायलंय. तेवढ्यात सिस्टर पळत आली, तिनं हात लावून बघितलं, म्हनाली, मावशी, येळ न्हाई, दवाखान्यातच चला, समदं तिथं हाय. मी लेकीकडं बघितलं. आनि लेकच म्हनाली, आई, तिकडं नको गं. पाया पडते तुझ्या. तिकडं नको.

मग कुनाशी भांडायचं सांगा? आत्तीशी भांडले असते, गावाशी भांडले असते, पर तिच्या डोळ्यातलं भ्या बघितलं आनि मीच जीप आनाय सांगितली. जीप आली. सिस्टर हाताला लागलं ते घिऊन संगं चढली. घाटात दुसऱ्या वळनावर पोर झालं. मुलगा. नाळंचा येढा गळ्याला, निळं पडलेलं, रडंना. सिस्टरनं तोंडानं वारं घातलं, पाय चोळलं, उलटं धरलं, डायवर रडाय लागला पर तिनं काय सोडलं न्हाई. हवा द्यायची पिशवी, आक्सिजन, समदं त्या इमारतीत, आनि आमी तिच्याकडं पाठ करून पळालेलो. न्हाई रडलं ते. माझी लेक घाट उतरंस्तवर म्हनत हुती, रडलं का गं, आई, रडलं का?

तान्ह्या लेकराला आमच्यात जाळत न्हाईत, पुरत्यात. आनि पुरत्यात कुठं, तर मसनवटीच्या कडंला, दवाखान्याच्या भिंतीला लागून. ज्या जागंला भिऊन पळालो तिथंच माघारी घिऊन आलो, धडुत्यात गुंडाळून. बाळंतपनाच्या खोलीची खिडकी उघडली की ती माती दिसती, म्हनून सिस्टर ती खिडकी उघडत न्हाई. मी उघडते. वारं नको व्हय खोलीला?

आता म्हनं कुंपनाची भिंत उंच करनार हायती, सरान दिसू नये म्हनून. करू देत. धूर काय भिंत बघून थांबतोय? आत्ती गेल्या साली गेली, तिला बी तिथंच न्हेली. सिस्टर अजून हाय, अजून दारोदार फिरती, देव तिला शंभर वर्सं देऊ दे.

दीपाली कागलला असती, जावई तिथं एमआयडीसीत कामाला. तिला परत दिस गेल्यात. ह्या येळंला म्हायेरी येत न्हाई म्हनाली, मी म्हनलं, नको येऊस बाई, तिथं दारात मोठा दवाखाना हाय, सुखानं सुट. रोज फोन करती. हिकडचं-तिकडचं बोलती, खानंपिनं सांगती, आनि ठेवायच्या आधी हळूच इचारती, आई, आज गेलतीस का तिकडं? मी म्हनते, जाते की बाई, रोज जाते, माझी नोकरीच हाय तिथं.