गळ्याचं हाड

(सिंगापूर. दाहिनीशेजारची खोली. ट्रेवर चारुदत्तच्या अस्थी, बाजूला दोन डबे: एक सायाकाचा, एक नाशिकला न्यायचा. भोवती त्याची जपानी बायको सायाका, मुलगा क्षितिज आणि नाशिकहून आलेली बहीण नीता, म्हणजे क्षितिजची आत्या.)

आत्या : जेवायच्या काड्यांनी उचलायचं? माझ्या भावाला?

क्षितिज : जेवायच्या नाहीत गं, आत्या. बघ ना, एक बांबूची, एक साध्या लाकडाची. मुद्दाम बेजोड, फक्त अस्थींसाठी. घरी अशा घेतल्या तर आई हातावर मारते.

आत्या : आमच्यात हातांनी वेचतात. आणि सगळं गोदावरीत. उद्या मी घेऊन जाणार.

सायाका : सगळं नाही, ताई. गळ्याचं हाड घरी ठेवणार.

आत्या : घरी? अस्थी घरात आणत नाहीत, सायाका. बाहेर झाडाला बांधतात.

क्षितिज : बाराव्या मजल्यावर झाड कुठलं? लिफ्टला बांधू?

सायाका : क्षितिज.

क्षितिज : काय क्षितिज? आल्यापासून तुला ऑर्डरी सोडतेय ही.

आत्या : शाळा सोडलीस, आता जीभही सोड मोकाट.

क्षितिज : शाळा सोडली. आईला नाही सोडलं.

आत्या : आणि तू गं? लग्नात सांगितलंस, मला धर्मच नाही. सत्यनारायणाला बसलीस, कुरकुर नाही. आज एकदम हे कुठून?

सायाका : धर्म नाहीच. जपानमध्ये कोणालाही विचारा, हेच सांगेल. पण सकाळी पहिला भात माझ्या आईबाबांच्या फोटोपुढे. तो धर्म नाही, ताई. ती माणसं आहेत.

आत्या : अगं, पण त्याला मोकळं होऊ दे की. कपाटात कोंडून ठेवणार?

क्षितिज : बास. आई, ये. आपण दोघं उचलू. हिला बसू दे बाहेर.

सायाका : थांब. ताई, एक हाड दोघांनी मिळून उचलायचं. पायापासून. तुम्ही या. मग सगळं न्यायचं तर न्या.

आत्या : मला नाही जमत त्या काड्या.

क्षितिज : दाबू नको. हलकं धर... हां. आता आईबरोबर उचल.

आत्या : काहीच वजन नाही रे ह्याला.

क्षितिज : रडू नको ना. हाड पडेल.

आत्या : हे शेवटचं?

सायाका : गळ्याचं. बघा, बुद्ध बसलाय असं दिसतं.

आत्या : रविवारी फोन करायचा. 'नीते, जेवलीस का?' एवढंच. मग ठेवून द्यायचा.

क्षितिज : कुठल्या डब्यात, आत्या? सांग पटकन.

आत्या : तुझ्या आईच्या.

क्षितिज : आणि नाशिकला काय सांगशील?

आत्या : कोणाला सांगायचंय? तिकडं आता मीच आहे.