काचेच्या दिव्यांचा अ‍ॅम्प्लिफायर

बोईसर स्टेशनबाहेर सरावलीच्या शेअर रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारा आणि त्याचा पुतण्या उभे होते. मधे गिटारच्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरचं खोकं. माझे कान आधीच तिखट, त्यात रिक्षा येईना.

"धर्माजीकाका, तुमच्या जुन्याची हुबेहूब नक्कल आहे ही. आत तसेच जुन्या रेडिओसारखे काचेचे दिवे, वर तसंच कापड."

"दुकानात गिटार चांगली वाजली रे, भावेश. पण यात मंदा नाय."

"काकी कशी असेल यात?"

"जुन्यातून गायची ती, लोकांच्या हळदीला. अजून दिवे लाल झाले का सुराच्या आधी तिचा श्वास येतो."

"ती घरघर आहे, काका. अर्थिंग नाही त्याला."

"जन्मभर तिच्या शेजारी झोपलो. तिची घरघर तू मला शिकवतो?"

"बरं. पण परवा रूपलच्या हळदीत तो बंद पडला तर? तिला आईचंच गाणं गायचंय."

"पडंल. मागं पडलाच होता."

"मग?"

"पोरगी नव्यावरच गाईल."

"आणि जुना?"

"बाजूला मांड. माईक जोडू नको, नुसता तापत ठेव."

"कशाला?"

"नव्याला कळंल, श्वास कुठं घ्यायचा ते."

रिक्षा आली. भावेशनं खोकं मांडीवर घेतलं, मी शेजारी बसलो. फाटकाजवळच्या वळणावर खोक्याच्या बाजूनं कुणीतरी हळूच घसा साफ केला. आम्ही तिघंही गप्प होतो, आणि रिक्षावाला तोंडात तंबाखू धरून होता.