दहाची जुडी

नाही, पण मला सांगा, दहाच्या जुडीत दहाच काड्या असाव्यात, ही काय फार मोठी अपेक्षा झाली का? अकरा नको, नऊ नको. दहा म्हणजे दहा! तेहतीस वर्षं हेच सांगतोय, पहिलीच्या पोरांना सांगतोय, दुसरीच्या पोरांना सांगतोय, आणि आता रिटायर व्हायला दीड महिना राहिलाय तर भर दुपारी ओट्यावर बसून... जाऊ द्या. पहिल्यापासून सांगतो. तुम्ही तेवढं हे सुतळीचं टोक धरा. धरलं? हां.

तर मी रुपचंद मास्तर. शिंदखेडा तालुक्यातली आमची शाळा. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि हेडमास्तर तोताराम नाना. मला पहिल्यापासून एक खोड, गणित पोरांच्या हातात द्यायचं. फळ्यावर एक आणि त्याच्यापुढे शून्य काढून 'हे दहा' म्हटलं की पोरगं मान डोलावतं, पण त्याला दिसतं काय? एक काठी आणि एक भोपळा. म्हणून मी साहित्य बनवतो. शैक्षणिक साहित्य! नाव किती भारदस्त, नाही का? आता त्या साहित्याचं पुढे होतं काय ते ऐका. अपूर्णांक शिकवायला पुठ्ठ्याची गोल चकती केली, पाव, अर्धा, पाऊण, तीन रंगांत रंगवली... नाना उन्हाळाभर तिनं वारा घेत होते. पत्र्याचा शंकू केला, तर शिपायानं टोक छाटून त्याचं रॉकेलचं नरसाळं केलं. लाकडाचा घन केला, तासून तासून बोटांना फोड आले... तो गेली सात वर्षं नानांच्या टेबलाच्या आखूड पायाखाली आहे. घन शिकवायचा असला की मी अख्खा वर्ग ऑफिसात नेतो आणि म्हणतो, वाका रे सगळे, टेबलाखाली बघा. पोरांना त्याच्या दोनच बाजू दिसतात, बाकीच्या चारांवर बिचारी विश्वास ठेवतात.

पण माझा खरा जीव काड्यांवर. तुराट्या आणायच्या, वीतभर तोडायच्या, सालं काढायची, टोकं विटेवर घासायची म्हणजे पोरांना टोचत नाहीत. दहा झाल्या की जुडी. दहा जुड्या झाल्या की एक मोळी, शंभर. पोरगं ती मोळी दोन्ही हातांनी उचलतं ना, तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं की शंभर म्हणजे केवढं असतं. खरं सांगतो, तो चेहरा बघायला मिळतो म्हणून मी एवढी वर्षं नोकरी केली. मनात एकच होतं, आपण जायच्या आधी ही काड्यांची पेटी तालुक्यातल्या साठ शाळांमध्ये जावी. शाल नको, भाषणं नको, नारळ तर नकोच... पेटी जावी!

आणि आली की संधी. जानेवारीत एका सोमवारी नाना म्हणाले, मास्तर, गुरुवारी धुळ्याला साहित्याचं प्रदर्शन आहे, पहिल्या नंबराची वस्तू तालुकाभर वाटणार आहेत, तुमच्या काड्या घ्या, आणि पाटीवर मार्गदर्शक म्हणून माझं नाव टाका. टाकलं. मार्गदर्शन केलंच होतं ना त्यांनी, चकतीनं वारा कसा घ्यायचा याचं!

आता काड्या होत्या पोतंभर, दिवस तीन, आणि सायकलच्या ट्यूबचे रबर कापून मी जुड्यांना घालायचो ते सगळे वाळून तुटलेले. मग गेलो शेजारच्या भागाबाईकडे. ही भागाबाई अक्का म्हणजे सत्तरीची बाई, पण हात असे चालतात की काय सांगू! म्हटलं, अक्का, एवढ्या जुड्या सुतळीनं बांधून द्या, एका जुडीत दहा. दहा म्हणजे दहा! ती म्हणाली, हां हां. दोनदा म्हणाली. मी निर्धास्त. मला वाटलं दोन दिवस लागतील, पण हिचं एका दुपारीत बांधून तयार! आणि जुड्या कशा, तर भरदार, मूठ भरेल अशा. मी म्हटलं, वा! शाळेत बांधतो तेव्हा अशा का होत नाहीत? आता मला सांगा, तेहतीस वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाला तिथेच शंका यायला नको? नाही आली. मी पाटीवर सुंदर अक्षर काढत होतो.

यष्टीत कंडक्टर म्हणाला, मास्तर, धुळ्याला सरपण मिळत नाही का? म्हटलं, शैक्षणिक साहित्य आहे. तो म्हणाला, मग टपावर टाका.

प्रदर्शनात गणिताच्या दालनात काय काय होतं म्हणता? एकानं आगकाड्यांचा ताजमहाल केला होता. त्यात गणित काय, तर म्हणे मोजून घ्या. दुसऱ्यानं कारंजं केलं होतं, त्याचं पाणी थेट माझ्या पाटीवर. आणि मग आले साहेब. मोठे साहेब हो, मागे चार जण, चौघांच्या हातात वह्या. मी ऐटीत म्हटलं, साहेब, एक संख्या सांगा. ते म्हणाले, पंचेचाळीस. मी चार जुड्या ठेवल्या, पाच सुट्या ठेवल्या. घ्या, पंचेचाळीस! आता कुठलाही शहाणा माणूस मान हलवून पुढे जातो की नाही? पण हे साहेब... बसले की मोजायला! जुडी सोडली. एक, दोन, तीन... दहा झाले, माझा चेहरा हसरा. अकरा. बारा. तेरा. माझ्या कानात कारंजं वाजायला लागलं. वीस! दुसरी सोडली, वीस. तिसरी, वीस. चौथी... सगळं मिळून पंच्याऐंशी! साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघताहेत, चार वह्या माझ्याकडे बघताहेत, आणि मला दिसतेय फक्त भागाबाई. हां हां म्हणताना.

अहो, चूक तिची तरी कशी म्हणू? त्या बाईच्या घरात गवऱ्या विसावर, कणसं विसावर, केळीची पानं विसावर. तिच्या हिशेबी वीस झाल्याशिवाय जुडी होतच नाही!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बरोबर आलेल्या नानांनी माझ्या पायावर पाय दिला. म्हणाले, "साहेब, हे मुद्दामच. आमच्याकडे आयाबाया विसावर मोजतात. म्हटलं, पोरांना घरचंच गणित शाळेत द्यावं." आता नानांना पंधराचा पाढा येत नाही, पण हे आलं! साहेबांचे डोळेच भरून आले हो. 'बालकाचा परिसर! बालकाचा परिसर!' असं दोनदा म्हणाले, चारही वह्यांत लिहून घेतलं गेलं. मी म्हटलं, साहेब, खरं सांगतो, ही चूक झालीय. तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "गुरुजी, एवढा विनय बरा नाही."

पहिला नंबर! ताजमहाल दुसरा.

घरी आलो तो तडक भागाबाईच्या ओट्यावर. काड्या पसरल्या आणि म्हटलं, अक्का, बसा, आज शिकवतोच. तीन दिवस शिकवलं. दोन्ही हात पुढे करायला लावले. ही बोटं किती? दहा. म्हणून जुडी दहाची. दहा म्हणजे दहा! तिनं शांतपणे लुगडं जरा वर घेतलं, पाय पुढे केले आणि म्हणाली, "मास्तर, देवनी पायाले बी बोटे देल शेतस. त्या काय फेकी देवाना?" आता याला उत्तर आहे तुमच्याकडे? मी काड्या गोळा केल्या आणि उठलो. पण तिला ते लागलं असावं. सत्तर वर्षांत तिच्या जुडीला नावं ठेवणारा मी पहिलाच ना!

मार्चमध्ये परिपत्रक आलं. साठ शाळांना साठ पेट्या, रुपचंद गुरुजींनी बनवाव्यात, आणि खाली रेघ मारून लिहिलेलं, 'प्रत्येक जुडीत वीस काड्या. वाटपापूर्वी तपासणी होईल.' झालं! माझी पेटी साठ शाळांत चालली, पण त्यातलं दहा काढून चालली. रडू की हसू? दोन दिवस जेवण गेलं नाही. मग म्हटलं, जाऊ दे, सोडली जुडी तर पोरांना काड्या तरी मिळतील, एखादा मास्तर निघेल माझ्यासारखा, बांधेल परत दहाच्या. महिनाभर तुराट्या घासल्या, पोती भरली, भागाबाईकडे टाकली. विसाची जुडी तिच्याइतकी कोण बांधणार? म्हटलं, अक्का, कशा बांधायच्या ते आता तुम्हाला काय सांगायचं? तुम्हाला ठाऊकच आहे. ती म्हणाली, हां हां. दोनदा.

आज दुपारी चारला जीप येणार आहे. सकाळी गेलो जुड्या आणायला, तर हा ढीग! म्हटलं, एवढ्या कशा झाल्या? आणि जुड्या बघतो तर सडपातळ. एक मोजली, दहा. दुसरी मोजली, दहा. पोत्याच्या तळात हात घालून काढली... दहा! एकसुद्धा चुकलेली नाही हो! माझ्या पहिलीच्या पोरांना वर्षभरात जमत नाही इतकं चोख. आणि भागाबाई दारात उभी, चेहरा असा की जसा काही निकाल लागलाय. म्हणाली, "समजनं माले, मास्तर. दहा व्हयनात का गाठ. बठ्ठ्या दखी ल्या." सगळ्या बघून घ्या म्हणे!

आता हिला परिपत्रक वाचून दाखवू? तेहतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं... आणि तेही या वेळी! आनंद तर असा झालाय की एकेक जुडी परत परत मोजतोय, आणि साहेबांची जीप निघालीय.

म्हणून तिच्याच ओट्यावर बसलोय. दहाच्या दोन जुड्या घ्यायच्या, वरून एक सुतळी मारायची, विसाची एक. आतली गाठ मात्र सोडत नाही मी. जाऊ दे दहा आतल्या आत! तर मघाशी अक्का आली, माझ्या हातातली जुडी काढून घेतली, मोजली, डोक्याला हात लावला आणि ही सुतळी फेकून देत म्हणाली, "मास्तर, इतला वरीस काय शिकाडं तुम्ही? दहा म्हणजे दहा!"

हो अक्का, म्हटलं. चुकलं.

ती चहा करायला आत गेलीय. धरा हो ते टोक, ती यायच्या आत एवढ्या उरकू.