माफ करणारा माणूस पाहिजे

नाही, पण तुम्हीच सांगा, अडीचशे माणसांची आमची चर्चची मंडळी आणि त्यात दुसऱ्याला माफ केलेला एक माणूस सापडू नये? एक. मी काही दहा मागत नव्हते. चौतीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली, कुठल्याही ग्रुपचं रक्त सांगा, या सोलापुरात दोन तासांत माणूस आणून उभा केलाय मी. पण माफ केलेला माणूस... आठवडाभर वणवण केली, तुम्हाला सांगते, चपलेचा अंगठा तुटला. आणि उपासना कशाची, तर क्षमेची.

झालं काय, आमचे पाळकसाहेब नवे. नाशिककडचे, वय बत्तीस, उत्साह एवढा की त्यांच्यासमोर नुसतं बसलं तरी आपल्याला धाप लागते. मार्च महिना, ईस्टरआधीचा उपवासकाळ चाललेला, ऊन असलं की चर्चच्या लोखंडी दाराला हात लावला तर चटका बसतोय, आणि हे मला म्हणतात, 'सिस्टर सुकन्या, येत्या रविवारची उपासना तुम्ही आखा. विषय, करुणा आणि क्षमा.' म्हटलं बरं. गाणी निवडायची, शास्त्रपाठ कोण वाचणार ते ठरवायचं, प्रार्थना वाटून द्यायच्या, कागदावर क्रम लिहायचा, त्यात काय आहे? तर म्हणतात, 'आणि एक साक्ष ठेवा. पाच मिनिटं. आपल्याच मंडळीतल्या कुणीतरी उभं राहून सांगायचं, मी अमक्याला मनापासून माफ केलं. माझ्या संदेशानं जे होणार नाही ते साक्षीनं होतं.' मी म्हटलं, साहेब, दुसऱ्या कुणाला सांगा की. तर म्हणतात, 'तुमची सगळ्यांशी बोलाचाली आहे. तुम्ही बोलायला लागलात की समोरच्याला नाही म्हणायला जागाच मिळत नाही.' आता हे कौतुक होतं का काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

गाण्यांचं तर मी सांगतच नाही. बरं, सांगते. पेटी वाजवणारा एक, की-बोर्ड वाजवणारी एक, दोघांचं दोन वर्षं पटत नाही. म्हणून पहिल्या कडव्याला पेटी, दुसऱ्याला की-बोर्ड, आणि ध्रुवपदाला दोघं मिळून, म्हणजे ध्रुवपद कुठल्या पट्टीत म्हणायचं ते मंडळीनं आपापलं बघून घ्यायचं.

साक्षीसाठी पहिली गेले विठाबाईंकडे. वय ब्याऐंशी, तोंडात एक दात, प्रार्थनेला बसल्या की डोळ्यांतून धारा. या बाईनं माफ केलं नसेल तर कुणी केलं असेल? त्या म्हणाल्या, 'केलंय की. माझ्या नणंदेला केलंय. माझी शिलाई मशीन उचलून दुधनीला न्हेली तिनं, चाळीस वर्सं झाली, मी कवाच माफ केलं.' मी वही काढली. 'लिही. पायाची मशीन हुती. तिच्यावर मी पोरांची कापडं शिवत हुते.' मी लिहितेय. 'आन् ही बया येती आन् म्हणती, वयनी, दोन दिसासाठी न्हेते.' आवाज चढायला लागला. 'दोन दिस. चाळीस वर्सं झाली, तिचं दोन दिस सरंनात.' मी म्हटलं, आजी, पाणी प्या. तर म्हणतात, 'फोन लाव तिला. माफ केलंय म्हणून सांगते.' आणि मी लावला. माझी अक्कल बघा. पलीकडं नणंद, ती ऐंशीची, निम्मं कानडी निम्मं मराठी, 'यारु? कोण बोलायलंय?' विठाबाई म्हणाल्या, 'मी तुला माफ केलं गं.' पलीकडून, 'कशाबद्दल?' 'मशीनबद्दल.' 'ती मशीन तर माझ्या आईची होती.' झालं. वीस मिनिटं मी फोन स्पीकरवर धरून उभी, हात भरून आला. शेवटी विठाबाईंनी जाहीर केलं, 'माफी मी परत घेतली. ठेव फोन.' चाळीस वर्षांची माफी, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच फोनवरून परत गेली. आणि उपासना कशाची, तर क्षमेची.

तिथून गेले यशवंतरावांकडे. यशवंतराव आणि यशपाल, सख्खे भाऊ, साखर पेठेत एका भिंतीच्या अल्याड-पल्याड राहतात, सांडपाण्याच्या पाइपावरून सहा वर्षं बोलणं बंद. यशवंतराव म्हणाले, 'देतो की साक्ष. धाकट्याला मी मनातून केव्हाच माफ केलंय.' मला हायसं वाटलं. बाहेर आले तर दारात यशपाल. 'सिस्टर, साक्ष मी देणार. दादाला मी माफ केलंय.' मी म्हटलं, अहो, याहून चांगलं काय, दोघंही या, मंडळीसमोर गळ्यात पडा, लोक रडतील. तर यशवंतराव आतून म्हणतात, 'तो मला कशाबद्दल माफ करणार? चूक त्याची.' यशपाल म्हणतो, 'चूक कुणाची ते पाइपाचा उतार सांगतोय. या सिस्टर, दाखवतो.' आणि दोघांनी मला बोळात नेलं. मी भर उन्हात, पदर खोचून, वाकून, गटारीचा उतार बघतेय. एक म्हणतो पूर्वेला, एक म्हणतो पश्चिमेला. तुम्हाला सांगते, माफ करायला दोघंही एका पायावर तयार. माफ करून घ्यायला एकही तयार नाही. अख्ख्या मंडळीत हीच तऱ्हा. देणारे रांगेनं उभे, घेणारा कुणी नाही.

गुरुवारपर्यंत मी रडकुंडीला आले. पाळकसाहेबांचा रोज मेसेज, सिस्टर, साक्षीचं नाव? पुढं हात जोडलेले. काय पाठवू? हात जोडलेलेच मी पण पाठवत होते.

आणि शुक्रवारी महेश्वरी आपण होऊन घरी आली. महेश्वरी म्हणजे माझी जिवाभावाची. तेलुगू विणकरांच्या घरातली, नवरा चादरींच्या कारखान्यात होता, तो गेला, आता ती आणि तिची मुलगी प्रियंका, शाळेत गणित शिकवते. महिला मंडळाची प्रार्थना झाली की दर शुक्रवारी महेश्वरी माझ्याकडं चहाला, वीस वर्षं झाली. स्वभावानं इतकी गरीब की चहा गार झाला तरी सांगत नाही, तसाच पिते. म्हणाली, 'अक्का, साक्ष मी देते.' मी तिला कवटाळलंच. 'कुणाला गं माफ केलंस?' 'रविवारी सांगते.' 'मंडळीतलंच कुणी आहे का?' 'हाय.' 'बाई का पुरुष?' 'अक्का, रविवारी.' मग मी तिला पाऊण तास शिकवलं. माईक तोंडापासून किती लांब धरायचा, रडू आलं तर मान वळवून रडायचं, कुणाचं नाव घ्यायचं नाही, आणि पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं, लोक उगाच लांबण लावतात, मला लांबण आवडत नाही... तिनं सगळं ऐकून घेतलं. चहा प्यायली. गेली.

रविवारी चर्च भरलेलं. पेटी-की-बोर्डाचं ध्रुवपद पार पडलं, शास्त्रपाठ झाला, मी पहिल्या बाकावर, हातात क्रमाचा कागद, शेजारी विठाबाई. महेश्वरी उभी राहिली. माईक अगदी बरोबर धरला. म्हणाली, 'नऊ वर्षांमागं माझ्या प्रियंकाला मिरजेचं स्थळ आलं होतं. सगळं ठरत आलं होतं. मुलाच्या आईनं चौकशीला आपल्या मंडळीतल्या एका बहिणीला फोन केला. दुसऱ्या दिवशी नकार आला. का आला, ते स्थळ आणणाऱ्यानं मला एकटीला सांगितलं.'

कोण ही सटवी? मी विठाबाईंच्या कानात म्हटलं, बघा की, लोकांच्या पोरींचं वाटोळं करणाऱ्या आपल्यातच बसलेल्या असतात. मागं वळून एकेकीचा चेहरा बघितला, दोघींवर तर माझा संशय पक्काच झाला, एक सारखी घाम पुसत होती.

महेश्वरी म्हणाली, 'ती बहीण त्यांना म्हणाली, मुलगी सोन्यासारखी हाय हो, पण शब्द खाली पडू देत नाही, सासूनं जरा जपूनच राहावं.'

आणि मी हसले. खोटं कशाला सांगू, फिसकन हसले, कारण वाक्य मला आवडलं. ओळखीचं वाटलं. मग हळूहळू कळलं, का ओळखीचं वाटलं ते.

ओट्याशी होते हो मी. फोन खांद्यात चिमटलेला, पातेल्यात आमटी उतू चाललेली, आणि मिरजेची बाई विचारतेय मुलगी कशी आहे. दहा मिनिटं मी कौतुक केलं. गणितात पहिली, हाताला चव, चर्चमध्ये गाते, आईला जीव लावते. दहा मिनिटं. आणि ते एक वाक्य आपलं गमतीत, बोलण्यात जरा हसू पाहिजे म्हणून. मी हसले, मिरजेची पण हसली, फोन ठेवला, आमटी उतरवली आणि विसरले. नकार आला तेव्हा महेश्वरीच्या घरी जाऊन मिरजेच्या लोकांना नावं ठेवणारी पहिली मी.

'लई वर्षं राग धरला,' महेश्वरी म्हणाली. 'आता सोडला. मी तिला माफ केलं.' आणि बसली. चार मिनिटांत.

कागदावर पुढचं नाव माझ्याच अक्षरात. मध्यस्थीची प्रार्थना, सिस्टर सुकन्या. गेले माईकपाशी. माझ्या प्रार्थनेत दहावीच्या परीक्षेपासून उजनीच्या पाण्यापर्यंत सगळं येतं, लोक डोळे किलकिले करून घड्याळ बघतात, मला माहीत आहे. त्या दिवशी तोंड उघडलं आणि काहीच येईना. शेवटी म्हटलं, 'प्रभू, आमच्या तोंडाला...' आणि पुढं काय मागावं तेच सुचेना, म्हणून आमेन. मंडळी पण म्हणाली आमेन. नंतर पाळकसाहेब माझा हात धरून, 'सिस्टर, किती थोडक्यात, किती नेमकं.' काय सांगू त्या माणसाला? उपासना कशाची, तर क्षमेची.

बाहेर लिंबाखाली चहा होता. मी महेश्वरीला बाजूला घेतलं. 'नऊ वर्षं तू माझ्या घरी येऊन चहा पीत होतीस?' 'व्हय अक्का.' 'आणि एका शब्दानं बोलली नाहीस?' म्हणाली, 'तुमी बोलू कुटं देताय?'

मला राग आला. आता तुम्हाला वाटेल, हिला कशाचा राग? अहो, मी मागितली होती का माफी? गुन्हा आठवायच्या आधी माफी, ती पण अडीचशे लोकांत. मला माझी बाजू सांगायची होती, आमटी सांगायची होती, दहा मिनिटांचं कौतुक सांगायचं होतं. 'तू मला कशाबद्दल...' इथपर्यंत आलं होतं ओठांवर, आणि समोर यशवंतराव बशीत चहा ओतत उभे. गिळलं मी ते वाक्य. म्हटलं, 'महेश्वरी, माझं चुकलं.' तिनं माझा हात धरला. 'तुमी मुद्दाम नाही केलं, मला ठाऊक हाय. म्हणून तर एवढी वर्षं गेली. मुद्दाम केलं असतं तर त्याच दिवशी भांडून मोकळी झाले असते.'

इथं संपलं असतं तर बरं होतं. मागं प्रियंका उभी होती, हातात कप. आईनं तिलाही कधी सांगितलं नव्हतं, तिला पण आत्ताच, चर्चमध्ये बसून कळलेलं, आणि ती बहीण कोण ते आमचं बोलणं ऐकून. म्हणाली, 'मावशी, मला इतकी वर्षं वाटायचं, माझ्या रंगामुळं नाही म्हणाले.'

ओरडली नाही, काही नाही. भाजी कशी दिली विचारावं, तशा आवाजात म्हणाली. चर्चचा फोटो काढायचा म्हटलं की ही पोरगी मागच्या रांगेत जाऊन उभी राहते, नऊ वर्षं, आणि मीच ओरडायची, पुढं ये की गं, लपतेस काय... आता सांगा, या पोरीला काय सांगायचं? आमटी सांगायची?

म्हटलं, 'बाळा, मला माफ कर.' म्हणाली, 'आईचं आईनं केलं. माझं मला बघू द्या.' मी विचारलं, 'किती दिवस लागतील?' असं कुणी विचारतं का? मी विचारलं. तिनं जरा वर बघितलं, मनात आकडा मांडल्यासारखं. 'आईला नऊ वर्षं लागली. मला कमी लागतील असं वाटत नाही.' कप ठेवला, आईला स्कूटीवर मागं बसवलं आणि गेली.

बरोबर आहे तिचं. अगदी बरोबर आहे. तरी बघा की, शब्द काही खाली पडू दिला नाही, म्हणजे मी मिरजेच्या बाईला खोटं काही... नाही. राहू द्या. हेच, हेच ते.

तर आता असं आहे. मला जानेवारीत एकसष्ट पूर्ण झाली. नऊ मिळवा, सत्तर. बीपी आहे, शुगर आहे, डावा गुडघा कामातून गेलाय, आमच्या घरात कुठल्या बाईनं सत्तरी बघितलेली नाही. पण माफीच जर सत्तरीत मिळायची असेल तर तिथवर पोचायला पाहिजे की नाही? काय करता... सोमवारपासून भात सोडलाय.