कॉम्प्युटरला लावलेला कूलर

सन १९८८, मे महिना. भाचा सुरेश आणि त्याच्या मित्रानं देवळीत माझ्या समोरच्या खोलीत कॉम्प्युटरचे प्रोग्राम बनवायची कंपनी काढली होती. कापसाच्या वजनाचा प्रोग्राम पाहायला जिनिंगवाले शेठ येणार होते. पोरांचं हेच पहिलं काम. पण उन्हानं कॉम्प्युटर सारखा बंद पडे. मी माझा कूलर आणून त्याच्यासमोर ठेवला.

"मामा, तुमी कुठं झोपसान?"

"निंबाखाली. तू काम कर."

शेठ आले आणि घामाघूम झाले. "पाहुणा मी, अन् हवा या डब्ब्याले काऊन?"

सुरेश कूलर वळवायला धावला. मी त्याचा हात धरला.

"शेठ, तुमी गरम झाले तरी चालता. हा गरम झाला का बंद पडते."

शेठ पोट धरून हसले. काम पोरांनाच दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात पोरांनी माझ्या खिडकीत नवा कूलर बसवला.