गच्चीची चावी

सोसायट्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या उपनिबंधकांच्या कार्यालयातली रांग. माझ्यापुढे नाहूरच्या एका सोसायटीच्या माजी अध्यक्षा शुभाताई, आणि सोबतीला आलेली त्यांची मैत्रीण कल्पिता. कल्पिताचा प्रश्न कानावर आला आणि हातातला राज्यशास्त्राचा ग्रंथ मी मिटला.

“पण नव्या अध्यक्षेने, शर्मिष्ठाने, केलंय तरी काय?”

“चावीवाला बोलावून गच्चीचं कुलूप काढलं. कमिटीचा ठराव नाही, काही नाही. सरळ काढलं!”

“अगं, मग लोक खूश असतील ना?”

“असणारच! वाळवणं काय, गाद्या काय, झकास चाललंय. आमच्या शेजारची दिपाली तर म्हणते, अशी अध्यक्ष आजवर झालीच नाही.”

“तू कुलूप लावलंस, तेव्हा ठराव केला होतास?”

“मी अध्यक्ष होते, कल्पिता!”

“बरं बाई.”

“दिवसभर माझ्या दाराची बेल वाजायची. ‘शुभाताई, जरा चावी देता?’ आत बसवायचे, चौकशी करायचे, मग द्यायचे. कधी नाहीही द्यायचे.”

“आणि आता?”

“आता कुरियरवाला येतो. तोही शर्मिष्ठाचं घर विचारायला.”

“मग मागणी काय लिहिलीस? कमिटी बरखास्त करा?”

“छे गं! राहू दे तिला अध्यक्ष. तेच कुलूप परत लावायला सांगा, एवढंच लिहिलंय.”

“एवढंच?”

“चावी अजून माझ्याकडेच आहे.”